फुलबागेकडे परतणे : ‘द सीक्रेट गार्डन’ या कादंबरीतील शोक, श्रम आणि बालसहवास

सारांश :

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११) ही कादंबरी निसर्गाच्या सान्निध्यात दुःख हरते या आशयसूत्राची बालकादंबरी म्हणून सामान्यतः वाचली जाते. प्रस्तुत निबंधात या वाचनाची फेरतपासणी केली आहे. कादंबरीतील दिलासा हा निसर्गदर्शनातून नव्हे, तर मृत व्यक्तीच्या हातचे अर्धवट राहिलेले काम एका मुलासोबत पुढे नेण्यातून लाभतो. आणि त्या अर्थाने बागेकडे खऱ्या अर्थाने परतणारी व्यक्ती घरमालक आर्चिबाल्ड क्रेव्हन नसून म्हातारा माळी बेन वेदरस्टाफ आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : शोक, बागकाम, बालसाहित्य, श्रम, संगोपन.

प्रस्तावना :

घरातील माणूस गेले की त्याने लावलेल्या झाडांचे काय करायचे, हा प्रश्न शोकग्रस्त घराला लवकरच पडतो. कपडे कोणाला तरी देता येतात, पुस्तके कपाटात राहतात. झाडाला मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी लागते. ते घातले तर गेलेल्या माणसाची आठवण हाताला लागते, आणि न घातले तर त्या माणसाचे उरलेसुरलेही डोळ्यांदेखत वाळून जाते. या पेचातून मार्ग काढण्याचे दोन प्रकार बर्नेट यांच्या कादंबरीत शेजारीशेजारी मांडलेले आहेत. त्यांपैकी एकाचीच चर्चा आजवर अधिक झाली.

‘द सीक्रेट गार्डन’ ही कादंबरी १९१० च्या नोव्हेंबरपासून ‘द अमेरिकन मॅगझिन’ या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १९११ मध्ये पुस्तकरूपाने आली. कथानक सर्वपरिचित आहे. हिंदुस्थानात इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेली मेरी लेनॉक्स ही सुमारे नऊ वर्षांची मुलगी पटकीच्या साथीत पोरकी होते व यॉर्कशायरमधील मिसेलथ्वेट या प्रचंड वाड्यात आर्चिबाल्ड क्रेव्हन या काकांकडे येते. दहा वर्षांपूर्वी आर्चिबाल्डची पत्नी लिलियस बागेतील झाडाच्या फांदीवर बसलेली असताना फांदी मोडून पडली आणि दुसऱ्या दिवशी वारली. त्याने त्या बागेला कुलूप घातले, किल्ली पुरून टाकली आणि त्याच सुमारास जन्मलेल्या कॉलिन या मुलाकडेही पाठ फिरवली. मेरीला किल्ली सापडते. डिकन या गरीब घरातील मुलाच्या मदतीने ती बाग फुलवते, आजारी कॉलिनला तेथे आणते, तो चालू लागतो, आणि अखेर वडील परत येतात.

या कथानकाचा अर्थ ‘निसर्गाची संजीवनी’ असा लावला की समीक्षकाचे काम सोपे होते. परंतु संहितेतील काही महत्त्वाचे तपशील त्यातून निसटतात. बागकामाची आज मानसिक उपचार म्हणून सर्रास शिफारस केली जाते. अशा काळात हे तपशील पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.

लेखिकेच्या जीवनाची पार्श्वभूमी :

बर्नेट यांचा जन्म १८४९ मध्ये मँचेस्टर येथे झाला. लहानपणीच वडील गेले आणि १८६५ मध्ये कुटुंब अमेरिकेतील टेनेसी राज्यात स्थलांतरित झाले. त्यांना लायोनेल आणि व्हिव्हियन असे दोन मुलगे होते. त्यांपैकी थोरला लायोनेल १८९० च्या डिसेंबरमध्ये पॅरिस येथे क्षयाने वारला. पुढे १८९८ ते १९०७ या काळात बर्नेट यांनी इंग्लंडमधील केंट परगण्यात ग्रेट मेथम हॉल हे घर भाड्याने घेतले होते. तेथील भिंतीने वेढलेल्या जुन्या बागेत त्यांनी गुलाब लावले, तेथेच बसून लेखन केले आणि एका रॉबिन पक्ष्याशी मैत्री जोडली. या पक्ष्याविषयी त्यांनी ‘माय रॉबिन’ (१९१२) ही छोटी पुस्तिका लिहिली. ते घर सोडल्यानंतर अमेरिकेत लाँग आयलंडवरील प्लँडोम येथे त्यांनी पुन्हा बाग उभी केली. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले व त्यानंतर १९२५ मध्ये ‘इन द गार्डन’ हे त्यांचे बागविषयक लेखन प्रसिद्ध झाले.

चरित्रातील घटना जशाच्या तशा कादंबरीत शोधणे ही समीक्षेची पद्धत नव्हे. तरीही एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. जीवनात आई मागे राहिली आणि मुलगा गेला. कादंबरीत आई गेली आणि मुलगा मागे राहिला. लेखिकेने हा क्रम उलटा केला आहे. त्यामुळे बागेत मुलाचा पुनर्जन्म घडवणे हे केवळ बालवाचकांसाठी रचलेले सुखान्त कथानक राहत नाही. जे लेखिकेच्या वाट्याला येऊ शकले नाही, त्याची ती कल्पनेतील भरपाईही ठरते. कादंबरीच्या शेवटी दिसणारा अतिउत्साह आणि त्यातून निर्माण झालेले दोष या पार्श्वभूमीवर समजून घेता येतात.

कुलूप आणि पडदा : शोकाचे गोठलेले रूप

आर्चिबाल्डच्या शोकाचे वर्णन बर्नेट मनोविश्लेषणातून करत नाहीत. वस्तूंच्या अवस्थेतूनच तो शोक वाचकाला कळतो. बागेला कुलूप आहे, किल्ली मातीखाली आहे, वाड्यातील सुमारे शंभर खोल्यांपैकी बहुतेक बंद आहेत. मुलगा झोपलेला असतानाच वडील त्याला पाहतात, कारण त्याचे डोळे आईसारखे आहेत. कॉलिनच्या खोलीत आईचे चित्र आहे, पण त्यावर रेशमी पडदा ओढलेला आहे. हा पडदा स्वतः कॉलिनने ओढून घेतलेला आहे. आपण आजारी असताना आई हसते आहे हे त्याला सहन होत नाही. वडिलांचे कुलूप आणि मुलाचा पडदा ही एकाच घरातील एकाच सवयीची दोन रूपे आहेत. जे दिसल्याने दुःख होते ते झाकून ठेवायचे, ही रीत बापाकडून लेकाकडे न शिकवताच गेलेली आहे.

कादंबरीतील खरा आजार तो हाच. कॉलिनची पाठ वाकडी नाही. ती वाकडी होणार ही भीती त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांनी निर्माण केलेली आहे. मोठ्यांच्या न सांगितलेल्या शोकाची किंमत मूल आपल्या शरीराने मोजते, हे निरीक्षण १९११ साली एका बालकादंबरीत इतक्या स्वच्छपणे यावे, ही बाब लक्षणीय आहे.

जास्वंदीची फुले आणि कंद :

कादंबरीतील पहिली बाग यॉर्कशायरमधील नाही, ती हिंदुस्थानातील आहे. पटकीची साथ आलेल्या सकाळी एकटी पडलेली मेरी मातीचे छोटे ढीग करते आणि त्यांत जास्वंदीची लालभडक फुले खोचून वाफा केल्याचा खेळ खेळते. ही फुले मुळाशिवाय खोचलेली आहेत. दुपारपर्यंत ती माना टाकणार हे उघड आहे. पुढे यॉर्कशायरमध्ये तिला मातीतून वर आलेली हिरवी टोके दिसतात. ती कशाची हे तिला ठाऊक नसते. त्यांना श्वास घ्यायला जागा नाही एवढेच तिला जाणवते आणि हाताशी आलेल्या टोकदार काटकीने ती भोवतालचे गवत काढू लागते. कांद्यासारखी दिसणारी ती मुळे म्हणजे फुलझाडांचे कंद, हे तिला मोलकरीण मार्था नंतर सांगते. निशिगंधाचे कंद ज्यांनी लावले आहेत त्यांना ही खूण परकी वाटणार नाही.

या दोन प्रसंगांतील अंतर हेच मेरीच्या वाढीचे माप आहे. पहिल्या प्रसंगात फूल तिच्या करमणुकीसाठी आहे. दुसऱ्यात ती फुलाच्या गरजेसाठी आहे. मेरी आईवडिलांसाठी रडत नाही, कारण तिला ते फारसे माहीतच नव्हते. तिच्या बाबतीत प्रश्न शोकाचा नसून संबंधांच्या अभावाचा आहे, आणि पहिला संबंध तिला कंदाशी जडतो.

मात्र येथेच कादंबरीची एक गंभीर मर्यादाही नोंदवली पाहिजे. वसाहतोत्तर समीक्षेने दाखवून दिल्याप्रमाणे या कादंबरीत हिंदुस्थान म्हणजे उष्मा, आजार आणि आळस, तर इंग्लंड म्हणजे वारा, भूक आणि आरोग्य अशी सरळ विभागणी आहे. वस्तुतः जास्वंदीसारखे जीव धरणारे झाड शोधून सापडणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तिची फांदी खोचली तरी ती फुटते. मेरीची बाग वाळली ती या मातीत काही रुजत नाही म्हणून नव्हे, तर फूल खोचू नये, फांदी लावावी, हे तिला कोणीही सांगितले नाही म्हणून. ज्या घरात नोकर केवळ हुकूम झेलण्यासाठी असतात, तेथे नोकरांचे ज्ञानही मुलापर्यंत पोहोचत नाही. त्याच साथीत मेरीची आया मरण पावते. तिच्यासाठी कादंबरीत कोणी शोक करत नाही. ना मेरी, ना निवेदक. शोकाविषयी इतके सूक्ष्म जाणणाऱ्या कादंबरीने आपल्या पहिल्याच प्रकरणात एका मृत्यूला शोकाच्या कक्षेबाहेर ठेवावे, हा केवळ काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही.

विश्रांती नव्हे, काम :

मेरी काकांकडे खेळणी मागत नाही, थोडी माती मागते. तिच्यात गेलेल्या पत्नीची आठवण दिसून आर्चिबाल्ड क्षणभर हळवा होतो, हवी तेथून माती घेण्याची परवानगी देतो आणि दुसऱ्याच दिवशी परदेशी निघून जातो. मार्था आपल्या भावाला, म्हणजे डिकनला, पत्र लिहायला सुचवते. मेरीचे पैसे जातात आणि दोन शिलिंगांत फावडे, दाताळे व माती उकरण्याचा काटा येतो. पेनीला एक या भावाने फुलांच्या बियांच्या पुड्या येतात. ‘जादू’ची म्हणून प्रसिद्ध असलेली ही बाग अशी बाजारभावासकट सुरू होते.

डिकन बारा वर्षांचा आहे, पण बागेच्या संदर्भात जाणकार आहे, कारण घरच्या झोपडीभोवतीच्या तुकड्यात तो भाजीपाला पिकवतो. तो चाकूने वाळल्यासारख्या दिसणाऱ्या गुलाबाची फांदी चिरतो आणि आतला हिरवा ओलावा मेरीला दाखवतो. जिवंत या अर्थाने यॉर्कशायरच्या बोलीत ‘विक’ असा शब्द आहे. मेरी तो शब्द मोठ्या हौसेने उचलते. वरून मेलेले दिसणारे आतून जिवंत असू शकते, पण ते ओळखायला हात आणि चाकू लागतो, आणि खरोखर मेलेला भाग छाटून टाकावाच लागतो. शोकाबाबत याहून नेमके विधान कादंबरीत दुसरे नाही, आणि ते निवेदकाने केलेले नसून छाटणीच्या कृतीतून झालेले आहे.

याच प्रसंगी डिकन एक गोष्ट सहज बोलून जातो : ही बाग दहा वर्षे बंद असली तरी मधल्या काळात येथे कोणीतरी छाटणी केलेली दिसते. प्रथम वाचनात हे वाक्य निसटून जाते. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने मात्र कादंबरीची किल्ली येथे आहे.

बेन वेदरस्टाफचे परतणे :

बेन हा वाड्यातील म्हातारा माळी. त्याला बायको-मूल नाही, बोलणे तुसडे, आणि रॉबिन पक्षी हाच काय तो सोबती. गुलाबांवर मुलांसारखे प्रेम करणाऱ्या एका तरुण बाईची आठवण तो मेरीला ओझरती सांगतो आणि लगेच चिडतो. त्याचे संपूर्ण रहस्य बाविसाव्या प्रकरणात उलगडते. आपण आजारी पडलो किंवा येथून गेलो तर आपल्या गुलाबांची काळजी घे, असे लिलियसने त्याला सांगून ठेवले होते. नंतर मालकाची बागबंदीची आज्ञा आली. पण बाईंची आज्ञा आधीची होती. म्हणून बेन दरवर्षी भिंतीवरून चढून आत येत असे आणि जमेल तेवढी छाटणी करून जात असे. शेवटची दोन वर्षे मात्र संधिवाताने त्याला अडवले.

हा तपशील लक्षात घेतला की कादंबरीचा अर्थ बदलतो. बाग दहा वर्षांनी आपोआप जिवंत झालेली नाही, ती कोणीतरी जिवंत राखली आहे. एकाच स्त्रीच्या मृत्यूला दोन माणसांनी दिलेले हे दोन प्रतिसाद आहेत. तिच्या मृत्यूचे स्थान म्हणून नवऱ्याने बाग बंद केली. तिच्या शब्दाचे स्थान म्हणून माळ्याने ती राखली. नवऱ्याला शोकाचा अधिकार समाजाने दिलेला आहे, माळ्याला दिलेला नाही. त्यामुळे त्याला तो भिंतीवरून चोरून बजावावा लागतो.

परंतु बेनचे एकट्याने येणे पुरेसे नव्हते, हेही कादंबरी सांगते. संधिवात झाला आणि काम थांबले. एकट्या माणसाची निष्ठा त्याच्या गुडघ्यांइतकीच टिकते. कॉलिनला प्रथम पाहताच बेन त्याच्या पाठीविषयी आणि पायांविषयी ऐकीव गोष्टी बोलून जातो, कॉलिन संतापाने उभा राहतो, आणि तुसड्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. त्यानंतरचा गुलाबाचा प्रसंग हा या कादंबरीचा खरा कळस मानावा लागेल. कॉलिन खुरप्याने माती उकरू लागतो, डिकन खड्डा खोल करतो, मेरी झारी आणायला धावते, आणि बेन काचघरातून कुंडीतील गुलाबाचे रोप घेऊन येतो. राजाने नव्या ठिकाणी लावावे तसे ते तू स्वतः लाव, असे तो मुलाला सांगतो. सूर्य मावळण्याच्या आत रोप मातीत जाते.

या प्रसंगात दुःखाविषयी एक शब्दही बोलला जात नाही. लिलियसचे नाव घेऊन कोणी हळहळत नाही. तरीही जिच्या गुलाबांसाठी म्हातारा भिंत चढत होता, तिच्याच मुलाच्या हातून तो गुलाब लावून घेतो. मुलाला हात दाखवणारा कोणी हवा आहे. म्हाताऱ्याला हात देणारा कोणी हवा आहे. दिलासा या देवाणघेवाणीत आहे. बेन मुलाकडून सांत्वन मागत नाही, तू बरा हो म्हणजे मला बरे वाटेल असे म्हणत नाही. तो रोप देतो आणि खड्डा किती हवा ते पाहतो. लहान मुलासोबत बागकामाकडे परतणे दुःखी माणसाला का सावरते, याचे उत्तर येथे मिळते. मूल त्याचे दुःख विसरायला लावत नाही. त्या दुःखातून शिल्लक राहिलेल्या ज्ञानाला ते वारस देते.

‘जादू’चा आग्रह :

यानंतर मात्र कादंबरीचा तोल ढळू लागतो. कॉलिन ‘जादू’वर व्याख्याने देऊ लागतो, सर्वांना वर्तुळात बसवून चांगले विचार वारंवार म्हणायला लावतो. विचाराने शरीर बरे होते या मताच्या ‘ख्रिश्चन सायन्स’ आणि ‘न्यू थॉट’ या तत्कालीन अमेरिकन पंथांचा प्रभाव येथे उघड आहे. बर्नेट यांना त्या विचारांत रस होता. शेवटच्या प्रकरणाच्या आरंभी निवेदिका स्वतःच विचारांच्या सामर्थ्यावर प्रवचन करते.

प्रश्न असा की, मनातील विचार बदलल्याने जर सर्व काही बदलत असेल तर खुरपे कशाला हवे होते? लायोनेल काय वाईट विचारांमुळे गेला? जिने क्षयाने मुलगा गमावला तिच्याच लेखणीतून हे तत्त्व यावे, यातील करुण विसंगती समीक्षकाने सहानुभूतीने, पण स्पष्टपणे दाखवली पाहिजे. तणे, कंद, छाटणी, झारी यांच्या भाषेत कादंबरी जे सिद्ध करते, तेच ती ‘जादू’च्या भाषेत विस्कटून टाकते.

आर्चिबाल्डचे परतणे आणि त्याची मर्यादा :

आर्चिबाल्डही बदलतो. टिरोलच्या डोंगराळ प्रदेशात झऱ्याकाठची निळी फर्गेट-मी-नॉट फुले पाहताना त्याला दहा वर्षांत प्रथमच शांत वाटते. पुढे कोमो सरोवराकाठी त्याला पत्नी स्वप्नात दिसते, डिकनच्या आईचे पत्र येते, आणि तो घरी निघतो. बागेच्या दाराशी धावत आलेला कॉलिन त्याच्या अंगावरच आदळतो. शरद ऋतूतील लिली आणि उशिरा फुललेले गुलाब यांच्यामध्ये बसून तो सारी हकिकत ऐकतो.

दृश्य हृद्य आहे यात शंका नाही. पण या माणसाच्या हाताला माती लागलेली नाही. त्याला तयार बाग मिळते आणि तयार मुलगा मिळतो. त्याहून खटकणारी गोष्ट अशी की, वडिलांना आश्चर्याचा सुखद धक्का देता यावा म्हणून कॉलिनने आपले बरे होणे कित्येक महिने लपवून ठेवलेले असते. ज्या मुलाने दहा वर्षे बापाच्या शोकाचा भार वाहिला, त्याचे आरोग्यही पुन्हा बापासाठीचा नजराणाच ठरते. येथे मूल हे मोठ्यांच्या दुःखावरचे औषध होते. बेनच्या प्रसंगात ते तसे नव्हते.

याच ओघात मेरी मागे पडते. पहिले गवत काढणारी मेरी अखेरच्या पानांवर जवळजवळ अबोल आहे. हिरवळीवरून वाड्याकडे चालत येतात ते वडील आणि वारस. स्त्रीवादी समीक्षकांनी यावर योग्य आक्षेप घेतला आहे. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, मेरीबरोबर काम हेच मूल्य मागे पडते आणि वारसा पुढे येतो. वर्षानुवर्षे भिंत चढणारा बेन शेवटी नोकरांच्या दालनात खिडकीतून मालकाचे परतणे दाखवताना दिसतो.

निष्कर्ष :

१. ‘द सीक्रेट गार्डन’मधील बाग हे केवळ निसर्गाचे प्रतीक नाही. मृत स्त्रीच्या हातचे अपुरे राहिलेले काम असे तिचे स्वरूप आहे. शोकातून सावरणे म्हणजे ते काम पुढे नेणे होय.

२. बाग जिवंत होते ती जादूने नव्हे. बेनने केलेल्या वार्षिक छाटणीचा धागा मुलांच्या श्रमाशी जुळल्यामुळे ती जिवंत होते.

३. मुलासोबतचे बागकाम मोठ्या माणसाला दिलासा देते, परंतु मूल ज्या ठिकाणी सहकारी असते तेथेच तो दिलासा निर्दोष असतो. ज्या ठिकाणी मूल औषध होते तेथे जुनाच अन्याय नव्या रूपात चालू राहतो.

४. आयाचा अशोचित मृत्यू, मेरीचे मागे पडणे आणि बेनचे दालनात उरणे या तीन ठिकाणी कादंबरी आपल्याच अंतर्दृष्टीशी प्रामाणिक राहत नाही.

असे असूनही कादंबरीचे सामर्थ्य उणे होत नाही, कारण उत्तर तिच्याच पानांत आहे. आर्चिबाल्डच्या पुनरागमनावर कादंबरी संपत असली तरी वाचकाच्या मनात राहावे असे दृश्य त्याआधीच येऊन गेलेले असते : सूर्य मावळतीला आलेला, मुलाच्या दुबळ्या हातात रोप, आणि शेजारी उभा असलेला, संधिवाताने आखडलेला एक म्हातारा माळी.